पहिला धूर

धाकटा : गेला म्हणजे गेला. आता पुढच्या वर्षापर्यंत एक थेंब पडायचा नाही. ताई, ही गादी कुठे टाकू?

थोरली : आधी दारातून आत तर घे. पाऊस गेल्यावर लोक छत्र्या वाळत घालतात, हा पठ्ठ्या गाणी म्हणत घाट चढून आलाय.

धाकटा : मग वीटभट्टीवाल्याने काय रडायचं? सगळा पावसाळा हात बांधून बसलोय. घरात बसून बसून बायकोच्या शिव्या पाठ झाल्या.

भावजय : हळू बोला की. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा.

थोरली : झोपू दे. वाटेत त्रास नाही ना दिला चिंगीने?

भावजय : वळणांवर थोडी कुरकुरली, तेवढंच. पण ताई, खरं सांगू, वर यायला लागलो तशी तिची छाती वाजायची थांबली. आधी वाटलं, गाडीच्या आवाजात ऐकू येत नसेल. मग गाडी थांबवायला लावली आणि कान लावून बघितलं.

धाकटा : भर घाटात. मागून ट्रकवाला मला उद्धारत होता आणि ही पोरीच्या छातीला कान लावून बसलेली.

थोरली : बरं केलंस. इथे वर कसलाच त्रास नाही बघ. माझ्या नोकरीची ही पाण्याची टाकी, टाकीचे पंप, त्याच्यावर झाडं आणि त्याच्यावर डोंगर. पंप चालू करायचे, बंद करायचे, मधल्या वेळात भिंतींशी बोलायचं. आता निदान उलट रडणारं तरी कुणी आलं.

भावजय : पाळणा खिडकीपाशी ठेवू का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोकळी हवा लागू दे.

थोरली : ठेव की. ती साडी तेवढी सारून दे बाजूला. बाहेर दोरीवर टाकलीय, सकाळपासून सारखी आत येतेय.

भावजय : मघापासून दोनदा सारली मी. परत येते.

थोरली : चिमटा लाव. मी तर म्हणत होते, एवढं करायचंच तर खिंडीपलीकडे तुझ्या माहेरीच जायचं होतं. इथे माझ्याकडे काय, एक खोली आणि एक पडवी.

भावजय : नाही म्हणाल्या बाई. दर आठवड्याला दाखवायचंय तिला. दिवस भरायच्या आत झालेली पोर, फुप्फुसं अजून कच्चीच आहेत. उद्या दम लागला तर ते श्वासाचं यंत्र खालच्या दवाखान्यातच आहे. माझ्या माहेरी साधा डोकेदुखीची गोळी देणारा नाही.

थोरली : म्हणजे खाली यंत्र आहे पण हवा नाही, पलीकडे हवा आहे पण यंत्र नाही.

धाकटा : आणि दोघांच्या मध्ये आमची ताई. म्हणून तर म्हटलं, ही ब्याद तिच्याच गळ्यात बांधू.

थोरली : ब्याद तू. ती माझी भाची आहे.

भावजय : बाई आणखी एक म्हणाल्या. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

थोरली : काय म्हणाल्या?

भावजय : म्हणाल्या, ही पावसात जन्मली, पावसातच वाढली. हिने आजवर धुतलेली हवा घेतलीय. आपल्या गावची खरी हवा हिला अजून माहीतच नाही.

धाकटा : डॉक्टर लोकांना घाबरवायची सवयच असते.

थोरली : यात खोटं काय आहे? मी वरून बघते ना दरवर्षी. हे शहर म्हणजे नुसती कढई आहे. पावसाळ्यात आपल्या मागच्या खिंडीतून वारा घुसतो, सगळं ढवळून काढतो आणि समोरच्या कड्यावरून पलीकडे फेकून देतो. पाऊस गेला की वाऱ्याचा जीव जातो. रात्री डोंगरावरची गार हवा खाली उतरते आणि तळाशी बसते. मग तुमचा धूर तिच्यात अडकतो, झाकण घातल्यासारखा. थंडीत इथे उभं राहिलं ना, तर शहर दिसतच नाही. नुसता मळकट पाण्याचा तलाव. त्यातून दवाखान्याची गच्ची तेवढी डोकं काढून असते, बुडत्या माणसासारखी.

भावजय : ताई, नका ना असं बोलू.

धाकटा : यंदा तसं होणार नाही. धुराड्यावर एवढी नळकांडी उगाच चढवलीत का मी? गेल्या वर्षी दवाखान्याने बोंब मारली, शाळेने बोंब मारली, कचेरीतून दोन साहेब येऊन गेले. म्हणाले, धुराडं उंच करा नाही तर भट्टी बंद. म्हटलं, उंच पाहिजे ना, मग घ्या. होतं त्याच्या दुप्पट करून ठेवलंय. पाऊस जरा उघडला की एक नळकांडं, परत उघडला की दुसरं. आता धूर दवाखान्याच्या डोक्यावरून, शाळेच्या डोक्यावरून, सगळ्यांच्या डोक्यावरून जातो. कुणाच्या नाकात जायचा नाही.

थोरली : जातो म्हणजे? तू जाळून बघितलंस?

धाकटा : मग? न बघता पैसे घालतो का मी? भर पावसाळ्यात ओला पेंढा कोंबून बघितलं. असा झोकात निघाला आणि थेट समोरच्या कड्यापलीकडे. लोक गच्चीवर येऊन बघत होते. बाकीचे भट्टीवाले तर माझ्या मागेच लागले. म्हणाले, आम्हालाही माप दे. दिलं. आता गावातली सगळी धुराडी माझ्या मापाची आहेत.

भावजय : मला तरीही धीर होत नव्हता. मी यांना सांगून टाकलं, चिंगी वर गेल्याशिवाय भट्टीत आग पडायची नाही.

धाकटा : आणि नाही पडली. तुम्हाला दोघींना गाडीत बसवलं, दार लावलं आणि मग मिस्त्रीला हात केला. विचार तिला.

थोरली : म्हणजे पेटवलीस?

धाकटा : पेटवली. आत्ता खाली धुमसत असेल. आतला ओलावा सुकेपर्यंत वर काही दिसत नाही. जेवणं होतील तोवर पहिला धूर येईल बघ. यंदा मान आपला आहे, विसरलीस की काय?

थोरली : अजून चालतं का ते? मला वाटलं, बाबांच्याबरोबर गेलं.

धाकटा : जाईल कसं? कधीकाळी एकाने घाई केली आणि परतीच्या पावसाने त्याच्या भट्टीचा चिखल केला, तेव्हापासूनचा नियम आहे. ज्याची पाळी त्याने आभाळ बघायचं आणि पेटवायचं. त्याचा धूर दिसेपर्यंत दुसऱ्याने काडी ओढायची नाही. आत्ता सगळे आपापल्या भट्टीवर बसून माझ्या धुराड्याकडे टक लावून बघत असतील. माझा धूर दिसला की सगळीकडे एकदम.

भावजय : अहो, ते समोर काय आहे?

धाकटा : कुठे?

भावजय : खिडकीसमोर. लाल-पांढरे पट्टे असलेलं.

धाकटा : तेच ते. तेच आपलं धुराडं. काय दिसतंय बघ इथून. ताई, ये, बघ तरी.

थोरली : हे तुझं?

धाकटा : मग कुणाचं?

थोरली : अरे, एवढं उंच? मी तर आजच बघतेय. सगळा पावसाळा खाली नुसते ढग साचलेले. तुझं धुराडं काय, खालचा रस्ता दिसत नव्हता. आज पहिल्यांदा उघडलंय.

धाकटा : आता रोज बघत बस. भावाची कर्तबगारी.

भावजय : ते इतकं जवळ कसं काय? आपण तर केवढा घाट चढून आलो.

थोरली : घाट वळसे घेतो म्हणून लांब वाटतं गं. याची भट्टी आपल्या डोंगराच्या पायथ्यालाच आहे. टाकीच्या मागून पायवाट आहे, पंप दुरुस्तीला येणारे लोक तिने उतरतात, विडी ओढून संपायच्या आत खाली.

भावजय : ताई, त्याचं तोंड आपल्या खिडकीच्या बरोबर समोर आहे.

धाकटा : समोर म्हणजे दिशेने समोर. उंचीने कितीतरी खाली आहे ते.

भावजय : मला खाली नाही वाटत.

धाकटा : तुला काय वाटतं याच्यावर मोजमाप चालत नाही. लांबची वस्तू डोळ्याला वर उचलल्यासारखी दिसते.

थोरली : मग मोज ना.

धाकटा : कशाने मोजू? तुझ्या लाटण्याने?

थोरली : बाबा मोजायचे तसं. ताटात पाणी घे.

धाकटा : ताई, उगाच काहीतरी.

थोरली : उगाच तर उगाच. हे घे ताट. काठोकाठ भर आणि खिडकीच्या पट्टीवर ठेव. भिंत सरळ आहे का हे याच ताटाने बघत आला आहेस ना लहानपणापासून? डोळा पाण्याला लाव आणि पाण्यावरून बघ. पाणी तुझ्या बाजूने बोलणार नाही आणि माझ्याही.

भावजय : पाळणा जरा मागे घेते मी. पाणी सांडेल.

धाकटा : घे, भरलं. आता बघा, दोघींचंही समाधान करून टाकतो. पाण्याच्या वर दिसलं तर तुमचं खरं, खाली दिसलं तर माझं.

थोरली : काय दिसतंय?

धाकटा : थांब. पाणी हलतंय.

थोरली : थांबलं आता.

भावजय : अहो.

धाकटा : हं.

भावजय : कुठे आहे?

धाकटा : पाण्यावर.

थोरली : नीट बोल.

धाकटा : तोंड बरोबर पाण्यावर टेकलंय. ना वर, ना खाली.

थोरली : सरक. मला बघू दे. अरे देवा.

धाकटा : त्याने काय होतं? धूर काय इकडे येणार आहे का? मी सांगतोय ना, मी स्वतः बघितलंय. समोरच्या कड्यावरून गेला. पाठ करून जातो तो आपल्याकडे.

थोरली : कधी बघितलंस?

धाकटा : सांगितलं की. पावसाळ्यात.

थोरली : पावसाळ्यात वारा कुठून येतो? आपल्या पाठीमागून, खिंडीतून. तेव्हा माझी साडी दोरीवर अशी शहराकडे फडफडते. धरायला गेले तर हातातून सुटून खाली जाईल. पाऊस गेला की खिंड मुकी होते. मग दिवसा ऊन तापलं की जो काही वारा असतो, तो खालून वर येतो. मग साडी कुठे येते?

भावजय : खिडकीत.

थोरली : आज सकाळपासून येतेय. मीच तुला म्हटलं, चिमटा लाव.

धाकटा : एवढासा वारा तो. साडी हलते त्याने. धूर काय, तो वर जाणार. गरम असतो.

थोरली : जाईल. थोडा जाईल, मग गार होईल आणि बसेल. आजवर तुमचा धूर खाली दवाखान्याच्या गच्चीशी बसायचा, म्हणून माझी खोली स्वच्छ होती. आता तू त्याला उचलून माझ्या खिडकीपर्यंत आणलंस.

भावजय : तुम्ही मला शब्द दिला होता.

धाकटा : पाळला ना. वर आणलं की नाही तिला?

भावजय : वर नाही आणलंत. समोर आणलंत.

थोरली : मिस्त्रीला फोन लाव. अजून धूर निघालेला नाही. दाबून टाक म्हणावं.

धाकटा : ताई, चूल आहे का ती, पाणी मारलं आणि झालं? आग आत शिरली की पुढे सरकत जाते. आता विझवली तर पावसाआधी थापून, झाकून, जिवापाड जपलेल्या सगळ्या विटा ना कच्च्या ना पक्क्या. फेकायच्या लायकीच्या. माणसं बायकापोरं घेऊन आलीत कामाला, काल झोपड्या बांधल्या त्यांनी. त्यांना काय सांगू, माघारी जा?

थोरली : सांग.

धाकटा : आणि मान घेऊन ऐनवेळी माघार घेतली तर गाव तोंडात शेण घालेल माझ्या. बाबांच्या नावाने थुंकतील.

थोरली : बाबांचं नाव मध्ये आणू नकोस. बाबा शेवटी कसे खोकत होते ते तूही ऐकलंयस. भिंतीपलीकडे झोपायचास.

भावजय : विटा परत थापता येतील.

धाकटा : तुला वाटतं तितकं सोपं नाही ते.

भावजय : मी सोपं म्हटलंच नाही.

धाकटा : असं करू. एकदा बघू तरी कुठे जातो. इकडे वळला तर लगेच फोन लावतो. तुमच्या देखत लावतो. उगाच ताटभर पाण्याच्या नादाने वर्षभराचं काम मातीत घालायचं का?

थोरली : तुझा धूर दिसला की बाकीचे पेटवणार. मघाशी तूच सांगितलंस. मग तू फोन लावून काय होणार?

धाकटा : एवढ्या पटकन कुणी पेटवत नाही. आधी नारळ फोडतात, वाट बघत... आपलं, हळूहळू करतात सगळे. वेळ आहे.

थोरली : जीभ अडखळायला लागली तुझी.

धाकटा : भूक लागलीय. भाकरी टाकतेस की नाही?

भावजय : मला नको.

थोरली : कुणालाच नको. फोन काढ खिशातून.

धाकटा : काढला. हातातच आहे. बघतोय ना मी. मला काय माझी पोर जड झालीय का? तिच्यासाठीच तर चाललंय सगळं. ती जगायची तर दवाखाना लागतो, आणि दवाखाना काय फुकट...

भावजय : निघाला.

धाकटा : काय?

भावजय : धूर.

धाकटा : हां. पांढरा आहे अजून. वाफ आहे ती, ओलाव्याची. बघ, बघ, वर चाललाय. सरळ वर. सांगितलं नव्हतं? नुसता काठीसारखा उभा. ताई, काय म्हणत होतीस?

थोरली : बघतेय.

धाकटा : काळा यायला लागला. आला तरी वरच चाललाय. जा बाबा, जा. अजून वर.

भावजय : थांबला.

धाकटा : धूर थांबत नसतो. काहीतरीच बोलतेस.

भावजय : थांबलाय. वर छत असल्यासारखा पसरायला लागलाय.

थोरली : चिमटा निघाला बघ साडीचा. आत आली.

धाकटा : लावतो. लावतो फोन. उचल ना रे बाबा... हॅलो, मिस्त्री? मी बोलतोय. ऐक, हवेची सगळी झाकणं टाक, आग दाब. हो, आत्ता. विचारू नकोस, टाक म्हणतो ना. विटा गेल्या तर जाऊ दे. काय? मोठ्याने बोल, मागे कसला गोंगाट आहे? कोण ओरडतंय? ... केव्हा? ... नदीकाठच्याने पण? आणि तो पलीकडचा? ... सगळ्यांनीच? अरे, पण आत्ता तर... हं. हं. नाही, काही नाही. ... नाही, माझ्या एकट्याचं विझवून काय होणार आता. चालू दे.

भावजय : चालू दे म्हणालात?

धाकटा : सगळ्यांनी पेटवल्या. वाट बघतच बसले होते. माझा धूर दिसला तशी फटाफट. म्हणे, माझं नाव घेऊन पेटवल्या.

थोरली : आणि सगळी धुराडी तुझ्या मापाची.

(पाळण्यात बाळ एकदा खोकतं, मग पुन्हा.)

भावजय : नळकांडी काढा. सगळ्यांना सांगा. पहिली होती तेवढीच ठेवा.

धाकटा : पेटत्या भट्टीवर कोण चढेल? आणि काढली तर धूर परत दवाखान्यात. तिथे तिच्यासारखी आणखी पोरं आहेत की.

भावजय : तिथे तिला दर आठवड्याला न्यायचंय.

धाकटा : माहितेय मला.

थोरली : खिडकी लावा आधी. ती फट दिसतेय तिथे फडकं कोंब. चादर ओली करून दाराला टांग. त्या ताटातलंच पाणी घे, आणखी कुठे शोधतोस? पाळणा आत, मोरीकडच्या भिंतीला. हो, तिथेच. तिथे निदान खिडकी नाही.

भावजय : अंधार झाला.

थोरली : दिवा लावते.

धाकटा : ताई, वारा फिरेल ना? एखाद दिवस तरी फिरत असेल. सगळ्या हिवाळ्यात एकदाही नाही, असं कसं होईल?

थोरली : मी इथे आल्यापासून तरी नाही.

भावजय : हिची छाती वाजायला लागली परत.

धाकटा : बघू. दे माझ्याकडे. जरा उभी धरतो तिला.

भावजय : नको. तुमच्या अंगाला भट्टीचा वास येतोय.

थोरली : दे, मी घेते. ये गं, आत्याकडे ये. ये माझ्या राणी.

भावजय : ताई.

थोरली : काय गं?

भावजय : पाऊस परत कधी येतो?

थोरली : आत्ता तर गेला गं.